मोरचुदाचं पाणी

गेर्मान अर्काद्येविच स्विरीदोवला पाण्याचा रंग आवडला नाही. दीड वर्ष तो त्या हौदाजवळून दिवसातून दोनदा ये-जा करत होता, पण पाण्याला रंगही असतो हे त्याच्या ध्यानात आलं ते मॉस्कोहून मंत्रालयाचं पथक येणार अशी तार आली त्या दिवशी.

"हे काय आहे?" कठड्यावरून वाकून त्याने विचारलं.

"पाणी," कपितोलिना म्हणाली.

"चिखल आहे हा."

"वाळू निघते ना त्यात. मग चिखल नाही तर काय, मध होणार?"

स्विरीदोव ओतशाळेच्या सफाई विभागाचा प्रमुख होता. वय छत्तीस, कोटाच्या कॉलरला इंजिनिअरचा बिल्ला, अंगाला एवढं अत्तर की तो येऊन गेला हे तासाभराने येणाऱ्यालाही कळावं. कपितोलिना येगोरोव्ना त्या हौदाची चालक, वय सत्तेचाळीस, शिक्षण सातवी. ती त्याला पाण्यात पाहायची आणि हे लपवायचे कष्टही घेत नसे. गेले काही महिने तो पाण्यातल्या विजेच्या स्फोटांवर प्रबंध लिहीत होता. प्रबंधातला प्रत्येक आकडा कपितोलिनाच्या वहीतला होता: कुठल्या नगाला किती ठोके, इलेक्ट्रोड किती बोटं वर, पाणी कधी बदललं. पठ्ठ्याने स्वतः आजवर एकदाही बटण दाबलेलं नव्हतं. त्याला आवाज सहन होत नसे.

आवाज सहन न होण्याजोगा होता हे खरं. चांगल्या खोलीएवढा लोखंडी हौद, त्यात क्रेनने सोडलेला ओतीव नग, त्याच्या वर चार बोटांवर इलेक्ट्रोडचं टोक. भिंतीपलीकडच्या कपॅसिटरांमध्ये वीज साठत जायची आणि मग सगळी एका क्षणात पाण्यात सुटायची. पाणी त्या जागी फाटायचं, परत मिटायचं, आणि असा दणका बसायचा की टाचांपासून दातांपर्यंत माणूस हलायचा. नगाच्या पोटात अडकलेली, जळून दगड झालेली साच्याची वाळू पाच-पंचवीस ठोक्यांत भुगा होऊन खाली बसायची. आणि मुख्य म्हणजे, पाण्यात असल्यामुळे तिचा एक कणही हवेत उडायचा नाही.

हे मुख्य का, ते छिन्नीखान्यात राबलेल्या बायकांना विचारावं. हौद येण्यापूर्वी हीच वाळू त्या हवेच्या दाबावर चालणाऱ्या छिन्न्यांनी फोडून काढायच्या. अकरा बायका, एक बंद खोली, आणि समोरच्या टेबलावरची बाई दिसू नये इतका धुरळा. कपितोलिनाने तिथे एकोणीस वर्षं काढली होती आणि ती कशी धडधाकट राहिली हे डॉक्टरांनाही उमगलेलं नव्हतं. तिची धाकटी बहीण फाया सहा वर्षांतच संपत आली होती. हौद सुरू झाला त्या महिन्यात तिच्या छातीचा फोटो काढला तेव्हा डॉक्टरीणबाईंनी तो उजेडासमोर धरून स्वच्छ सांगितलं होतं, "आणखी दोन वर्षं त्या धुळीत, आणि मग माझ्याकडे येऊ नकोस, येऊन उपयोग नाही." फाया आता हौदावर नगांना साखळ्या अडकवायचं काम करत होती. तिला धाप जिना चढतानाच लागायची, एरवी नाही. दुसऱ्या कारखान्यात जावं तर कारखान्याच्या घरवाटपाच्या यादीतला नंबर जाणार, आणि तिचा नंबर चौथा होता. दारुड्या नवऱ्याशी काडीमोड घेऊनही ती त्याच्याच खोलीत, मध्ये कपाट आडवं लावून, राहत होती. चौथा नंबर कोण सोडतं?

पथक दोहोंपैकी एक ठरवणार होतं. हौद चांगला चाललेला दिसला तर आणखी एक हौद मिळणार आणि छिन्नीखाना कायमचा बंद होणार. नाही दिसला तर कपॅसिटर उचलून दुसऱ्या एका कारखान्याला, जो वर्षभर मागणी लावून बसला होता, आणि बायका परत छिन्न्यांवर. एवढं सोपं होतं. सगळ्या ओतशाळेला ठाऊक होतं.

पथक येणार म्हटल्यावर आमच्याकडे काय होतं ते वेगळं सांगायला नको. वाटेकडेच्या दगडांना चुना लागला. फाटकाजवळच्या बर्च झाडांच्या बुंध्यांनाही लागला, ती आधीच पांढरी असताना. भंगाराचा ढीग हलवायला माणसं नव्हती म्हणून त्याच्यापुढे फळ्या ठोकून त्यावर आकडेवारीचा तक्ता टांगला. ऑक्टोबरच्या गारठ्यात खिडक्या धुतल्या. आणि स्विरीदोवच्या सुपीक डोक्यातून निघालं की पाणी निळं हवं.

"सोचीला विश्रामगृहात पोहण्याचा तलाव आहे," तो म्हणाला. "काय पाणी. तळाच्या फरशा मोजता येतात. पथकातल्या लोकांना काहीतरी दिसायला नको? हा प्रयोग आहे, विज्ञान आहे. याच परिणामाने इस्पितळात मूत्राशयातले खडे फोडतात, खाणीत ग्रॅनाइट फोडतात, पाइपांतली खपली उडवतात. आणि आपण काय दाखवणार? गटार?"

"खडे फोडतात तेव्हा पेशंटला निळा रंग देतात का?" कपितोलिनाने विचारलं.

साखळ्या पुसत बसलेल्या फायाने तोंड फिरवून हसू दाबलं. स्विरीदोवला ते दिसलं.

"हौद रिकामा कर, घास, नवीन पाणी भर," तो म्हणाला. "मुलामा विभागात मोरचूद पडलाय, मी बोललोय त्यांच्याशी. दोन पोती. कमी वाटलं तर तिसरं. आणि पथक येईपर्यंत एकही ठोका मारायचा नाही, नाहीतर परत गढूळ कराल."

इथे कपितोलिनाने तोंड उघडलं. खरोखर उघडलं, हे नंतर तिने स्वतःला अनेकदा सांगितलं. कारण मोरचूद पाण्यात घातला की काय होणार ते तिला त्या क्षणीच कळलं होतं. मागच्या हिवाळ्यात शेगडी बंद पडली तेव्हा पाणी गोठू नये म्हणून कुणा शहाण्या हमालाने हौदात मिठाचं पोतं रिकामं केलं होतं, आणि दोन पाळ्या हौद मुका झाला होता. पाण्यात काही विरघळलं की वीज दबा धरून बसतच नाही. कपॅसिटर भरून ठोका मारायला जावं तर ती पाणीभर पसरून निसटून जाते. फुस्स होतं, चार बुडबुडे येतात, संपलं. तेव्हा स्विरीदोव किस्लोवोद्स्कला, आरोग्यधामात, झऱ्याचं औषधी पाणी पीत होता. त्याच्यासाठी अहवालात "वीजपुरवठा खंडित" असं लिहिलं गेलं आणि त्याने ते न वाचता सही केली.

"गेर्मान अर्काद्येविच," ती म्हणाली, "त्या मोरचुदाने–"

"कपितोलिना," तो म्हणाला. बाहेरच्या लोकांसमोर तो तिला मानाने कपितोलिना येगोरोव्ना म्हणायचा आणि तुम्ही म्हणायचा, एरवी कधीच नाही. "तू बटण दाब. विचार करायला माणसं नेमलेली आहेत."

तिने तोंड मिटलं.

राग आला असता तर बरं झालं असतं. रागात माणूस ओरडतं आणि ओरडताना खरं बोलून जातं. तिला राग आला नाही. तिला त्याची इतकी किळस आली की एकदम थंड, प्रसन्न वाटलं. ठीक आहे, ती मनात म्हणाली. घाल मोरचूद. आण तुझ्या साहेबांना, सांग त्यांना तुझं विज्ञान, आणि मग सगळ्यांसमोर तुझी फुस्स होऊ दे. मग मी म्हणेन, साहेब, चाळीस मिनिटं द्या. पाणी बदलेन आणि ठोका म्हणजे काय ते दाखवेन. कोण विचार करतं आणि कोण बटण दाबतं ते मॉस्कोला कळू दे.

दोन दिवस ती या विचारावर जगली. संध्याकाळी कांदा चिरताना, सकाळी बसच्या रांगेत, ती मनातल्या मनात तो प्रसंग पुन्हा पुन्हा घडवत होती आणि दर वेळी स्विरीदोवचं तोंड आणखी पडत होतं. तिने स्वतःच्या हाताने मोरचुदाची पोती फोडली. दोन पोत्यांनी पाणी जेमतेम फिकट झालं, म्हणून स्विरीदोवने आणखी दोन मागवली. मग ते खरंच निळंशार झालं. लेखा विभागातल्या मुली बघायला आल्या.

"कापा, याने काही होणार नाही ना?" फायाने विचारलं. जवळच्या सगळ्या कपितोलिनाला कापा म्हणत.

"शोभेचं आहे," कपितोलिना म्हणाली.

"नाही, म्हणजे हौदाला?"

"हौदाची काळजी मला आहे की तुला?"

फाया साखळ्यांकडे वळली. हौदाच्या बाबतीत तिचा बहिणीवर डोळे मिटून भरवसा होता.

गुरुवारी पथक दहाला यायचं होतं, ते पाऊणला आलं. चार ओव्हरकोट आणि पुढे पथकप्रमुख, प्योत्र सावेल्येविच खोम्याकोव, एवढा जाडा की कठडा आणि भिंत यांच्यामधून त्याला आडवं होऊन यावं लागलं. डायरेक्टरच्या जेवणघरात खारवलेली अळंबी, स्टर्जन मासा आणि बर्फात गाडलेल्या बाटल्या वाट पाहत होत्या हे सगळ्यांना ठाऊक होतं, त्यालाही असावं. तो सारखा घड्याळाकडे बघत होता. वेळ वाचावा म्हणून स्विरीदोवने पंपाचं एक ओतीव कवच सकाळीच पाण्यात सोडायला लावलं होतं.

"अरे वा," खोम्याकोव पाण्याकडे बघून म्हणाला. "समुद्रच की."

स्विरीदोव उजळला. त्याने वीस मिनिटं भाषण केलं. ग्रॅनाइट झालं, मूत्राशयाचे खडे झाले; अशा पाण्याने शेताला खताचा लाभ होतो म्हणतात, तेही झालं. छिन्नीखान्याचा उल्लेख एकदाच आला, "श्रमशक्तीची बचत" म्हणून. साखळीपाशी उभी असलेली फाया ती बचत होती. तिच्याकडे कुणी पाहिलं नाही.

"कपितोलिना येगोरोव्ना," स्विरीदोव गोड आवाजात म्हणाला, "करा सुरुवात."

ओव्हरकोटांनी कानांवर हात ठेवले. तिने बटण दाबलं.

फुस्स.

चार बुडबुडे वर आले. तिने पुन्हा दाबलं. पुन्हा फुस्स. तिसऱ्यांदा दाबताना तिला हसू आवरणं कठीण गेलं. ओव्हरकोटांनी कानांवरचे हात एकेक करून खाली घेतले.

"काय झालं?" स्विरीदोवने विचारलं. त्याचं अत्तर घामात मिसळून दरवळत होतं.

दोन दिवस घोटलेलं वाक्य तिच्या ओठांवरच होतं. "मी कसं सांगू, गेर्मान अर्काद्येविच? मी बटण दाबते. विचार करायला माणसं नेमलेली आहेत."

कोणीतरी मागे खाकरलं. तेवढा एक क्षण तिला मिळाला, आणि तो जेवढा गोड लागेल असं वाटलं होतं तेवढा लागलाही.

मग ती खोम्याकोवकडे वळली. "साहेब, पाण्यात मोरचूद आहे. गेर्मान अर्काद्येविचनी घालायला लावलाय, रंग यावा म्हणून. अशा पाण्यात ठोका बसत नाही. चाळीस मिनिटं द्या. पाणी बदलते आणि दाखवते."

"चाळीस," खोम्याकोव म्हणाला आणि त्याने घड्याळाकडे बघितलं. "चारची गाडी आहे आमची."

"तीस. तीस मिनिटांत करते."

"तो नग तरी वर घ्या, बघू," ओव्हरकोटांपैकी एक म्हणाला.

फायाने खूण केली, क्रेनने कवच उचललं. निळ्या पाण्यातून ते लालसर होऊन वर आलं. सकाळपासून मोरचुदातलं तांबं लोखंडावर चढत बसलं होतं. आतली वाळू जशीच्या तशी होती.

"हे तांब्याचं आहे?" मंत्रालयाच्या ओतकाम खात्याच्या पथकप्रमुखाने विचारलं.

आणि त्याच क्षणी स्विरीदोवला आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचा विचार सुचला.

"प्योत्र सावेल्येविच, मी प्रामाणिकपणे सांगतो," तो म्हणाला. "यंत्र लहरी आहे. पाण्यात चिमूटभर काही पडलं की बंद. प्रयोगशाळेत ठीक, पण उत्पादनात... मी हे वरिष्ठांच्या कानावर घालणारच होतो."

"म्हणजे कच्चं आहे," खोम्याकोव म्हणाला. त्याच्या आवाजात सुटका होती. "तसं असेल तर त्या कपॅसिटरांना मागणी आहेच. लोक वाट बघतायत. लिहून घ्या हो."

"चिमूटभर?" कपितोलिना म्हणाली. "चार पोती घातलीत चार. दीड वर्ष चाललाय हा हौद, स्वतःहून कधी बंद पडला नाही. साहेब, अर्धा तास थांबा. जेवून या हवं तर, जेवून परत या."

"येतो, येतो," खोम्याकोव म्हणाला आणि आडवा होऊन बाहेर पडला. ओव्हरकोट त्याच्यामागे गेले.

उरलेली वीज जमिनीत जावी म्हणून तिने दंडा लावून कपॅसिटर रिकामे केले, झडप उघडली. निळं पाणी घुमत गटारात गेलं. नवीन पाणी भरताना ती पाइपाचं तोंड दोन्ही हातांनी धरून उभी होती, तसं करून पाणी लवकर भरत नसतानाही. फायाने लाल कवच पुन्हा खाली सोडलं. अडतीस मिनिटं झाली होती.

पहिल्याच ठोक्याला जमीन हादरली. खिडक्यांच्या धुतलेल्या काचा झणझणल्या. अकराव्या ठोक्यानंतर वाळू ओघळायला लागली, तेविसाव्याला कवच आतून स्वच्छ झालं, वरचं तांबंही सोलून निघालं. इतकं सुरेख काम त्या हौदाने क्वचितच केलं असेल. ते बघायला दोघी बहिणी होत्या आणि क्रेनवाला, तो पेपर वाचत होता. साडेतीनला डायरेक्टरची गाडी स्टेशनाकडे गेली. गाडीत गाणं चाललं होतं.

"मिठाच्या वेळीही असंच झालं होतं ना?" फाया म्हणाली. "तूच सांगितलं होतंस. पाण्यात काही विरघळलं की मुका होतो म्हणून."

"हो."

"म्हणजे तुला माहीत होतं."

"मी सांगायला गेले होते. त्याने गप्प केलं."

"तुला?" फाया म्हणाली. "तुला कधी कुणी गप्प केलंय?"

कपितोलिना पाइप गुंडाळायला लागली.

"बरं, त्याला नाही सांगितलंस. मला सांगायचं होतंस. मी रात्रीतून बादलीने उपसला असता हौद."

"मला वाटलं, ते थांबतील."

"कोण? ते?" फायाने दाराकडे हात केला. "आयुष्यभर त्यांना शिव्या घालतेस. दगड आहेत, पोटं आहेत, त्यांना काही कळत नाही म्हणतेस. आणि वाटलं काय, तर थांबतील. स्विरीदोव गाढव आहे, कापा. त्याला माहीत नव्हतं. तुला होतं."

हुकूम दहा दिवसांनी आला. कपॅसिटर लाकडी खोक्यांत भरून मालगाडीने गेले. स्विरीदोव मुख्य तंत्रज्ञाच्या कार्यालयात, वरच्या मजल्यावर गेला. यंत्राच्या उणिवा वेळीच दाखवून दिल्याबद्दल त्याला प्रशस्तिपत्र मिळालं. कपितोलिनाने फायाच्या बदली दोन टेबलं सांभाळायची तयारी दाखवली. माणसागणिक एक टेबल असतं, असं तिला सांगण्यात आलं. मग तिने क्रेनवर तरी फायाला घ्या म्हणून कामगार संघटनेच्या दाराशी दोन दिवस काढले. तिथे जागा नव्हती.

नोव्हेंबरच्या पहिल्या सोमवारी छिन्नीखान्याचं कुलूप निघालं. कपडे बदलायच्या खोलीत अकराही जणी जमल्या आणि मास्कच्या दोऱ्या बांधता बांधता स्विरीदोवचा उद्धार सुरू झाला. त्याच्या मोरचुदाचा, अत्तराचा, बिल्ल्याचा. त्याला जन्म देणारीलाही सोडलं नाही. बायका मनापासून हसत होत्या. हौदाच्या पाण्यात त्यालाच बुडवायला हवा होता, म्हणजे आपोआप निळा झाला असता, असं एक म्हणाली. अर्धा तास असा गेला. कपितोलिनाही त्यात होती, सवयीने.

"आणि तू गं, कापा?" एकीने विचारलं. "दीड वर्ष हौदावर. तुलाही नाही कळलं, हे पाणी चालायचं नाही म्हणून?"

फाया कोपऱ्यात बाकावर बसून बूट चढवत होती. तिने मान वर केली नाही. ती सांगणार नव्हती, आज नाही आणि पुढेही नाही. हे कपितोलिनाला कळलं. गप्प राहिलं असतं तरी चाललं असतं.

"कळलं होतं," कपितोलिना म्हणाली. "पोती मीच फोडली. त्याची फजिती व्हावी म्हणून बोलले नाही."

खोलीतलं हसणं थांबलं. एकेकीने मास्क नाकावर ओढला, छिन्नी उचलली आणि दारातून आत गेली. स्विरीदोवला अर्धा तास शिव्या पडल्या होत्या. तिला एकही पडली नाही.